मळ्यातलं ‘पांढरं भूत’ नेमकं कोण? रात्रभर फुकट राखण करणाऱ्या गव्हाणी घुबडाची गोष्ट

नाशिक : रब्बीचे दिवस. थ्री फेज लाईट रात्रीची. निफाड, सिन्नर, येवल्याकडचा शेतकरी जेवण उरकतो, बॅटरी घेतो आणि गव्हाला पाणी भरायला मळ्यात जातो. मोटार चालू होते, पाणी साऱ्यात धावायला लागतं, बाकी सगळं शांत. आणि अचानक डोक्यावरून काहीतरी पांढरं निघून जातं. पंखांचा आवाज नाही, सळसळ नाही. बॅटरी फिरवून बघावं तर विहिरीच्या कठड्यावर एक पांढरंफटक तोंड. बदामाच्या आकाराचं, नाकच नसल्यासारखं, दोन काळेभोर डोळे रोखून बसलेलं. जवळ जावं तर ते मान डावी-उजवीकडे झुलवतं, सापासारखा फुत्कार टाकतं आणि एक किंकाळी मारून अंधारात गडप होतं.

सकाळी पारावर विषय निघतो. कोणी म्हणतं मुंजा, कोणी म्हणतं हडळ. एखादा म्हातारा सांगतो, त्या विहिरीत पूर्वी कोणीतरी पडलं होतं. दोन दिवसांत ती विहीर ‘लागट’ ठरते आणि पोरंसोरं रात्री तिकडं जायला मागत नाहीत.

तो मुंजाही नसतो आणि हडळही नसते. ते असतं गव्हाणी घुबड. वजन जेमतेम अर्धा किलोच्या आसपास, उंची वीतभर-दीड वीत. माणसाच्या वाटेला ते कधी जात नाही. विहिरीच्या कठड्यावर ते बसलेलं असतं उंदरासाठी. गव्हात शिरलेल्या उंदराची खुसफुस कठड्यावरून त्याला नीट ऐकू येते, एवढंच.

नावातच त्याचा पत्ता आहे. गव्हाण म्हणजे गोठ्यात जनावरांपुढं चारा टाकायची जागा. जिथं गव्हाण तिथं कडबा, पेंड, सांडलेलं धान्य. जिथं धान्य तिथं उंदीर. आणि जिथं उंदीर तिथं हे घुबड. जंगलापेक्षा माणसाच्या वस्तीजवळच ते जास्त राहतं. जुन्या वाड्याचा माळा, गावची पडकी गढी, देवळाच्या शिखरातला कोनाडा, बंद पडलेलं गोदाम, झाडाची मोठी ढोली, कुठंही. घरटं म्हणून काड्या गोळा करायचा त्रासही ते घेत नाही. अंधारी, कोरडी, कोणी त्रास न देणारी जागा मिळाली की तिथंच अंडी घालतं. आपण जिथं जायला घाबरतो तिथं ते राहतं. मग जागा भुताची आणि पाखरू भुताचं, अशी जोडी लोकांनीच लावून टाकली.

भीती कुठून आली?

घुबडाची भीती काही उगाच नाही. ज्या ज्या गोष्टींनी माणूस दचकतो त्या सगळ्या या पाखराच्या अंगावर आहेत. फरक इतकाच की त्यातली प्रत्येक गोष्ट उंदीर पकडण्यासाठी आहे.

आधी ते तोंड घ्या. गव्हाणी घुबडाचा चेहरा पसरट आणि मधून किंचित खोलगट असतो, एखाद्या डिश अँटेनासारखा. डिश जशी सिग्नल गोळा करते तसा हा चेहरा आवाज गोळा करून कानापर्यंत पोचवतो. त्याचे कान पिसांखाली लपलेले असतात आणि दोन्ही एका पातळीत नसतात, एक थोडा वर, एक थोडा खाली. त्यामुळं उंदीर डावीकडं आहे की उजवीकडं आणि त्याचबरोबर किती खाली आहे, हे दोन्ही त्याला आवाजावरूनच कळतं. अमेरिकेत रॉजर पेन नावाच्या शास्त्रज्ञानं पूर्ण काळोख केलेल्या खोलीत पाचोळा पसरून त्यात उंदीर सोडला होता. डोळ्यांना काहीच दिसत नसताना गव्हाणी घुबडानं नुसत्या खुसफुशीवर तो उचलला.

मान झुलवणं हाही त्याचाच भाग. समोरची वस्तू किती लांब आहे याचा अंदाज ते असा घेतं. घुबडाचे डोळे आपल्यासारखे खोबणीत फिरत नाहीत, ते घट्ट बसवलेले असतात. म्हणून इकडं-तिकडं बघायला त्याला अख्खी मान वळवावी लागते. माणसाच्या मानेत सात मणके असतात, घुबडाच्या मानेत चौदा. त्यामुळं मान एका बाजूला जवळजवळ पाऊण फेरा फिरते. ‘घुबडाची मुंडी गोल फिरते’ असं जे सांगतात ते पूर्ण खरं नाही, पण फार खोटंही नाही.

आवाज न करता उडण्याचं गुपित पिसांत आहे. पंखाच्या पुढच्या पिसाला कंगव्यासारखे बारीक दाते असतात, मागची कड झालरीसारखी विस्कटलेली असते आणि वरून मखमलीसारखी लव. पंखावरून जाणारी हवा त्यात मोडली जाते, आवाज होत नाही. कबुतर उडालं तर फडफड ऐकू येते. घुबड तसं उडालं असतं तर एकही उंदीर हाती लागला नसता.

राहिला तो घोरल्यासारखा, धापा टाकल्यासारखा आवाज. पडक्या वाड्यातून रात्रभर कोणीतरी जड श्वास घेतंय, ही तक्रार गावोगाव ऐकू येते. बहुतेक वेळा ती घुबडाची पिल्लं असतात. मादी एका वेळी साधारण चार ते सात अंडी घालते, तीही दोन-तीन दिवसांच्या अंतरानं. महिनाभरात पिल्लं निघतात, पण सगळी एका मापाची नसतात, थोरलं केवढं तर धाकटं एवढंसं. भूक लागली की सगळी मिळून ‘ख्सऽऽ ख्सऽऽ’ असा सूर लावतात आणि आई-बाप उंदीर आणेपर्यंत थांबत नाहीत. एका माळ्यावर पाच पिल्लं असली तर खाली झोपलेल्या माणसाची काय अवस्था होत असेल ते सांगायला नको.

आणि सगळ्यात मोठा आरोप, घुबड ओरडलं की घरात माणूस जातो. याचा उलगडा जुनी माणसंच नकळत करून देतात. पूर्वी गावात रात्री सगळे दिवे मालवलेले असायचे. रात्रभर दिवा जळायचा तो फक्त आजारी माणसाच्या घरी. दिव्याला किडे जमायचे, किड्यांसाठी पिंगळा जवळच्या झाडावर यायचा. घरातले सगळे जागे, जीव टांगणीला लागलेला, त्यामुळं त्याचा आवाज त्यांनाच ऐकू जायचा. पहाटे माणूस गेला की आवाजाची आठवण राहायची. घुबड तर आदल्या रात्रीही ओरडलेलं असायचं आणि त्याच्या आदल्या रात्रीही, पण तेव्हा गाव झोपलेलं होतं.

दगडाची गोष्ट

आपल्याकडं अजून एक समजूत घट्ट आहे. घुबडाला दगड मारला की ते तो झेलतं, नदीवर नेऊन घासत बसतं आणि दगड जसा झिजत जाईल तसा मारणारा माणूस झिजत जातो. काही ठिकाणी घुबडासमोर एकमेकांना नावानं हाक मारत नाहीत. त्यानं नाव ऐकलं तर ते घोकत बसतं म्हणे. घुबडाच्या चोचीची आणि पंजाची रचना पाहिली तर उडता दगड झेलणं त्याला जमणारं नाही. पण या समजुतीनं एक काम मात्र चोख केलं. पोरांच्या हातातली गलोल घुबडासमोर खाली आली. ज्यानं ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली त्याला पाखरू घाबरवायचं होतं की वाचवायचं होतं, कोण जाणे.

मराठी मुलुखानं सगळ्याच घुबडांना अशुभ मानलेलं नाही, हेही विसरायला नको. अंगणातल्या चिंचेवर, लिंबावर बसणारा ठिपकेवाला पिंगळा घ्या. मुठीएवढं हे घुबडच. पण पहाटे कंदील घेऊन, कुडमुडं वाजवत दारी येणारा पिंगळा जोशी त्याचंच नाव लावतो आणि पिंगळ्याची भाषा आपल्याला कळते असं सांगतो. त्याच्या तोंडून ‘पिंगळा बोलला’ म्हटलं की आयाबाया सूपभर दाणे घेऊन बाहेर यायच्या. म्हणजे लहान घुबड बोललं तर शकुन आणि मोठं बोललं तर मरण! बंगालकडं तर घुबड लक्ष्मीचं वाहन. धान्याच्या देवीनं उंदीर खाणारं पाखरू जवळ ठेवलं, यात हिशेब चुकल्यासारखं काही दिसत नाही.

नाशिक विभागानं घुबडाच्या बाबतीत एकदा जगभर नाव काढलं आहे. रानपिंगळा नावाचं मध्य भारतातल्या जंगलातलं घुबड १८८४ नंतर कोणाला सापडलंच नव्हतं. १९१४ सालचा एक नमुना इंग्लंडमधल्या रिचर्ड माइनर्ट्झहागन या नामांकित माणसानं आपल्या संग्रहात दाखवला होता, पण तो दुसऱ्याचा जुना नमुना चोरून, नवी चिठ्ठी लावलेला निघाला. पाखरू संपलं असंच सगळे धरून बसले होते. शेवटी नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना ते नंदुरबार जिल्ह्यात, शहाद्याजवळच्या जंगलात सकाळच्या उन्हात बसलेलं दिसलं. ११३ वर्षांनी. आता त्याची नोंद राज्यात मेळघाट, तानसा अशा इतर जंगलांतही झाली आहे.

उंदरांचा हिशेब

मळ्यात उंदीर काय करतो हे शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. गव्हाच्या ओंब्या बुडातून कातरून बिळात ओढतो, सोयाबीनच्या शेंगा पोखरतो, मक्याचं कणीस खालून वर सोलत जातो, ऊस कुरतडतो. ठिबकच्या नळ्या कातरल्या तर अख्ख्या वाफ्याचं पाणी जातं. बांधावरची घूस नुसती खात नाही तर साठवते. कापणीनंतर बीळ खणलं की आत ओंब्यांचा ढीग निघतो, हे अनेकांनी पाहिलं असेल.

दोनशे ग्रॅमचा उंदीर दिवसाला साधारण वीस ग्रॅम धान्य खातो. वर्षाला सात किलोच्या पुढं. नासाडी आणि बिळातला साठा वेगळाच. मादी तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्लं देते आणि ती पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः वाढवायला लागतात. एका जोडीचं खळं भरायला एक हंगाम पुरतो.

त्याच्यासमोर गव्हाणी घुबड काय करतं? एक मोठं घुबड रात्रीत दोन ते चार उंदीर-चिचुंद्र्या खातं. सरासरी तीन धरले तरी वर्षाला हजारावर जातात. पिल्लं असली की नर-मादी दोघंही रात्रभर खेपा घालतात आणि आकडा आणखी वाढतो. शिकार बहुतेक घरट्यापासून एक-दोन किलोमीटरच्या टापूत. म्हणजे गावच्या गढीत एक जोडी असेल तर तिची राखण गावच्याच शिवारावर असते. मजुरी नाही, खाणं आपलं आपण.

खात्री करून घ्यायची असेल तर सोपी युक्ती आहे. घुबड उंदीर सबंध गिळतं. हाडं आणि केस पचत नाहीत, ते त्यांची अंगठ्याएवढी काळपट गोळी करून तोंडातून बाहेर टाकतं. घुबड रोज बसतं त्या जागेखाली अशा वाळक्या गोळ्या पडलेल्या असतात. हातमोजे घालून किंवा काडीनं एखादी फोडून पाहिली की आत उंदराच्या कवट्या, पिवळसर पुढचे दात, बारीक फासळ्या स्पष्ट दिसतात. एकेका गोळीत दोन-तीन कवट्याही निघतात. शास्त्रज्ञ घुबड काय खातं ते याच गोळ्यांवरून ठरवतात. शाळेच्या मास्तरांनी पोरांना एकदा हे दाखवलं तर मुंजाची गोष्ट पुन्हा सांगावी लागणार नाही.

जगात इतरत्र शेतकऱ्यांनी हे घुबड मुद्दाम बोलावून घेतलंय. मलेशियात पाम तेलाच्या मळ्यांमध्ये उंदरांसाठी घुबडाच्या पेट्या लावतात. इस्रायलमध्ये १९८० च्या दशकात एका सामुदायिक शेतीत सुरुवात झाली आणि पुढं जॉर्डन, पॅलेस्टाईनचे शेतकरीही त्यात आले. तिकडंही घुबड अपशकुनीच मानलं जायचं. पेटी लावायला आधी लोक तयार नव्हते. एकमेकांशी फारसं न पटणाऱ्या देशांचे लोक शेवटी उंदरासाठी एकत्र बसले.

महाराष्ट्रातही प्रयत्न झालेत. पुण्याच्या इला फाउंडेशननं डॉ. सतीश पांडे यांच्या पुढाकारानं २०१८ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरी या गावात उलूक महोत्सव भरवला. घुबडाची भीती घालवण्यासाठी गावातच घुबडाची जत्रा! नाशिक जिल्ह्यात नांदूरमध्यमेश्वरला पाखरं बघायला लांबून लांबून लोक येतात. २०२० मध्ये ते राज्यातलं पहिलं रामसर क्षेत्र ठरलं. त्याच निफाड तालुक्यात रात्रीच्या पाखराच्या नशिबी अजून दगडच.

औषधाचा उलटा फेरा

आता मुद्द्याची गोष्ट. घुबडाला आज मांत्रिकापेक्षाही मोठा धोका आहे तो उंदराच्या औषधाचा.

दुकानात मिळणारं ब्रोमॅडिओलोन हे औषध रक्त गोठू देत नाही. ते खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. चार ते दहा दिवस लागतात. या दिवसांत तो सुस्तावतो, झोकांड्या खातो, भर उजेडात बिळाबाहेर येतो. असा उंदीर घुबडासाठी आयती शिकार. एका उंदरातलं औषध कदाचित पचेल, पण तीन-चार रात्री तसेच उंदीर पोटात गेले तर तेच औषध घुबडाच्या अंगात साचतं. त्याचंही रक्त गोठेनासं होतं. एके दिवशी ते गोठ्यामागं मरून पडलेलं सापडतं. अंगावर जखम नाही, काही नाही. लोक म्हणतात, अवदसा गेली.

पुढं काय होतं? औषधानं शिवारातले बरेच उंदीर गेले, घुबडंही गेली. पण उरलेल्या उंदरांची संख्या हंगामात भरून येते. घुबडाची जोडी वर्षाला एक-दोन वेळाच पिल्लं काढते, ती भरून यायला कितीतरी वर्षं जातात. मधल्या काळात शिवाराला राखणदारच नसतो. मग पुढच्या वर्षी आणखी पुड्या, आणखी खर्च.

औषध वापरूच नका असं सांगणं सोपं आहे, पण उंदरांनी उभं पीक झोपवलं तर शेतकरी काय करणार? वापरायचंच असेल तर उघड्यावर न फेकता बिळात टाकून तोंड बुजवावं. रोज सकाळी फेरी मारून मेलेले, अर्धमेले उंदीर गोळा करून खोल पुरावेत. बांधावर तसेच टाकले तर घुबडाबरोबर मांजर, मुंगूस, घारही त्यात जाते. वाड्यात किंवा गोठ्यात घुबडाची जोडी राहत असेल तर त्या भागात विषाऐवजी पिंजरा लावणं केव्हाही बरं.

घुबडानं उंदीर मुळासकट संपत नाहीत, हेही स्पष्ट सांगितलं पाहिजे. कोणी तसं सांगत असेल तर ते खरं नाही. घुबड उंदरांची वाढ दाबून ठेवतं. बांधाची साफसफाई, बिळं मोडणं, कापणीनंतर लगेच नांगरट हे सगळं आपल्यालाच करावं लागतं.

अमावस्या आणि ‘पैशाचा पाऊस’

दिवाळीतली अमावस्या जवळ आली की घुबडाची मागणी वाढते. गुप्तधन काढतो, पैशाचा पाऊस पाडतो म्हणणारे भोंदू मांडूळ मागतात, कासव मागतात आणि घुबडही. वन्यजीव व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ट्रॅफिक इंडिया या संस्थेनं २०१० मध्ये घुबडांवर अहवाल काढला होता. देशात घुबडांच्या तीसच्या आसपास जाती आहेत, त्यातल्या पंधरा जाती बाजारात विकल्या जात असल्याचं त्यात नोंदवलं आहे. मागणी जादूटोण्यासाठी. मोबाईलवर ‘अमुक किलोचं घुबड असेल तर लाखो रुपये देतो’ असे मेसेज फिरतात, ते याच साखळीतले. लाख कोणाला मिळत नाहीत. पाखरू जातं, आणि आगाऊ पैसे भरलेल्या माणसाचं घरही बसतं.

यात कायदा दोन्ही बाजूंनी आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार घुबड मारणं, पकडणं, पाळणं, विकणं, त्याची अंडी-पिल्लं उचलणं हा गुन्हा आहे आणि त्याला कैद होते. शिवाय गुप्तधनाच्या नावाखाली अघोरी प्रकार करणं राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात बसतं. त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड आहे. ‘मी फक्त पकडून दिलं, पूजा दुसऱ्यानं केली’ हे म्हणणं कोर्टात उपयोगी पडत नाही.

शिवारात काय करता येईल?

हरभऱ्यात घाटेअळीसाठी पक्षीथांबे लावायची पद्धत शेतकऱ्यांना माहीत आहे. दिवसा त्यावर कोतवाल, साळुंक्या बसतात. तोच थांबा थोडा उंच, आठ-दहा फुटांचा आणि वरची आडवी काठी मनगटाएवढी जाड ठेवली तर रात्री त्यावर घुबड बसतं. गव्हात, सोयाबीनमध्ये, बांधाला लागून असे चार-दोन थांबे ठेवायला खर्च काहीच नाही. जुनी बाभूळ, आंबा, वड बांधावर असेल तर ढोली बुजवू नये.

घुबडासाठी पेटीही लावता येते. लाकडी फळ्यांची, दीड-दोन फूट लांब-रुंद, आत-बाहेर करायला सहा इंचांचं भोक, खाली पाणी निथळायला बारीक छिद्रं. गोठ्याच्या आढ्याखाली किंवा झाडावर बारा-पंधरा फूट उंचीवर बांधावी. आपल्याकडं पावसाचा मारा पश्चिमेकडून असतो, म्हणून भोक पूर्वेला असलेलं बरं. पेटी लावली की लगेच घुबड येईल असं नाही. वर्ष-दोन वर्षंही लागतात. रोज शिडी लावून डोकावणाऱ्याच्या पेटीत तर ते येतच नाही.

वाडा पाडायचा असेल तर आधी माळा बघून घ्यावा. पिल्लं असतील तर ती उडेपर्यंत, म्हणजे दोन-अडीच महिने, तेवढा कोपरा थांबवता आला तर थांबवावा. संक्रांतीचा नायलॉन मांजाही घुबडाचा मोठा वैरी. येवल्यात भोगी, संक्रांत, कर असे तीन दिवस आकाश पतंगांनी भरलेलं असतं. रात्री तोच तुटका मांजा झाडावर, तारांवर लोंबत राहतो आणि अंधारात उडणाऱ्या घुबडाचा पंख त्यात कापला जातो. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ पासून या मांजावर देशभर बंदी घातली आहे. साध्या सुती दोऱ्यावर येवल्याची पतंगबाजी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे.

दिवसा एखादं घुबड उघड्यावर बसलेलं दिसलं आणि कावळे त्याला टोचत असले तर ते आंधळं झालं असं समजू नये. घुबडाला दिवसाही दिसतं, पण कावळ्यांच्या घोळक्यापुढं ते गप्प बसून राहतं. कावळे हाकलावेत, ते संध्याकाळी आपलं आपण जातं. विहिरीत पडलं असेल तर दोरीला बांधलेली टोपली किंवा जाड फांदी सोडावी. जखमी असेल तर वरून जाड कापड टाकून, पंजांपासून हात जपून, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवावं. दूध, भात, पाणी असं काही तोंडात घालू नये. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाईनला फोन करावा. पिल्लू घरट्याखाली पडलेलं सापडलं आणि धडधाकट असलं तर ते घरी आणू नये. मांजर-कुत्रं पोचणार नाही अशा उंच जागी, घरट्याच्या जवळच ठेवून द्यावं आणि लांब व्हावं. अंधार पडला की ते ‘ख्सऽऽ’ करून हाक मारायला लागतं आणि आई-बाप उंदीर घेऊन तिथं येतात.